किलोमागं सव्वा रुपया

वडलांच्या लाल वहीतली सगळ्यात जुनी नोंद १९५८ सालची आहे. शाई उडालीय, पण वाचता येतं: 'मेंढरं तीन रात्री. बाजरी दोन पायल्या, गूळ अर्धा शेर.' लहानपणी मला वाटायचं, मेंढरं विकत घेतली असतील. पण दोन पायल्यांत कुणी मेंढरं देतंय होय? ती खताची नोंद होती.

दिवाळी झाली की पारनेर-संगमनेरकडचे धनगर मेंढरं घेऊन आमच्या मीना नदीच्या खोऱ्यातून खाली कोकणात उतरायचे. वाटेत रिकाम्या रानात जाळीची वाघर लावून मेंढरं बसवायची. रात्रभर लेंड्या आणि मूत जिरायचं, सकाळी वाघर उचलून दहा पावलं पुढं. ज्याच्या रानात वाडा बसला त्यानं धनगराला धान्य द्यायचं. वाडा आपल्याच रानात यावा म्हणून लोक वेशीपर्यंत सामोरे जायचे, त्यावरून भांडणंही व्हायची. म्हणजे खताला भाव होता, तो रोकड्यात नव्हता एवढंच. 'सेंद्रिय' हा शब्द तेव्हा आमच्याकडं कुणाच्या तोंडात नव्हता. दुसरं काही असल्याशिवाय वेगळं नाव कशाला लागेल?

जुन्नरच्या मातीला हा हिशेब फार जुना आहे. मानमोडीच्या डोंगरातल्या लेण्यांमध्ये दोन हजार वर्षांपूर्वीचे ब्राह्मी लेख आहेत. त्यात करंजाच्या झाडांसाठी काही निवर्तनं जमीन दान दिल्याची नोंद आहे. करंजाची पेंड आम्ही आजही खत म्हणून टाकतो. त्या दानाचा खताशी संबंध होता की नाही, ते लेख सांगत नाही, पण शाळेच्या सहलीत गुरुजींनी तो वाचून दाखवला तेव्हा मला पहिल्यांदा आमची पेंडच आठवली. जुन्नरच्याच आणखी एका लेखात धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनं लेणं आणि पाण्याची टाकी दान दिल्याचं कोरलंय. नाणेघाटातून माल कल्याणच्या बंदराकडं जायचा आणि व्यापारी इतके गब्बर की डोंगर कोरून घ्यायचे. पिकवणाऱ्यानं मात्र कुठं लेणं कोरल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. हे जरा वाकडं बोललो, पण पुढचं सगळं सांगायचंय ते याच अंगानं जातं.

पहिलं पोतं आमच्या घरात १९६४ च्या सुमाराला आलं. लोक त्याला 'सल्फेट' म्हणायचे. तेव्हाच्या बिहारमधल्या सिंद्रीचा सरकारी कारखाना १९५१ साली सुरू झाला होता, त्याच्या मागून मुंबईच्या ट्रॉम्बेची सुफला आली. वडलांनी भीतभीत चार सऱ्यांना टाकलं. आज्जी म्हणाली, "मीठ पेरतोय काय रं?" पंधरा दिवसांत त्या चार सऱ्या काळ्याभोर झाल्या आणि बाकीचं रान त्यांच्यापुढं आजारी दिसायला लागलं. हे ज्यानं डोळ्यांनी बघितलं त्याला कुणी काही समजावून सांगावं लागलं नाही. त्याच सुमाराला हायब्रीड ज्वारी आली. मग १९७२ चा दुष्काळ पडला, लोकांनी सुकडी खाल्ली, खडी फोडली. त्यानंतर कुकडी प्रकल्पाची धरणं एकेक करून भरली: येडगाव, वडज, माणिकडोह, शेवटी डिंभे आणि पिंपळगाव जोगे. डिंभ्यात तर जुनं आंबेगाव, ज्याच्या नावानं तालुका आहे ते गावच, पाण्याखाली गेलं.

कालवा आला आणि आमच्या भागाची कळा पालटली. बाजरी-मठाच्या रानात ऊस, द्राक्ष, टोमॅटो, कांदा. विघ्नहर आणि भीमाशंकर हे दोन साखर कारखाने झाले. उसात बिबट्या व्यायला लागला, त्याचं पुराण वेगळं. एकमेकांना 'शेठ' म्हणायची आमच्याकडची पद्धत बाहेरच्याला गंमत वाटते, पण त्या काळात ती थोडीफार खरी ठरली. मला रासायनिक खताला शिव्या देणाऱ्या पुस्तकांचा म्हणून राग येतो. त्या पोत्यानं आमच्या घरात स्लॅब पडला, दोन बहिणींची लग्नं झाली, माझं कॉलेज झालं. हे लिहून ठेवलंच पाहिजे.

आता माझ्या खुळाची गोष्ट.

२०११ साली मी वीस गुंठे टोमॅटो सेंद्रिय पद्धतीनं केला. कारण मोठं काही नव्हतं. औषध मारून आलं की माझ्या भावाचे हात रात्रभर थरथरायचे, आणि घरात खायला टोमॅटो मात्र आई परसातल्या वेलीचेच आणायची. हे बघून बघून कुठंतरी लागलं. श्रीपाद दाभोलकरांच्या प्रयोग परिवाराबद्दल वाचलं होतं, पाळेकरांच्या शिबिराला जाऊन आलो होतो. शेणखत, निंबोळी पेंड, जीवामृत, दशपर्णी अर्क. शेजारच्या वीस गुंठ्यांत भावानं नेहमीसारखा केला. पाणी एकच, रोप एकाच नर्सरीतलं.

त्याचे साडेपाचशे क्रेट निघाले, माझे तीनशे ऐंशी.

नारायणगावच्या बाजारात माझा माल पहिल्यांदा उतरवला तेव्हा मी आडत्याला म्हटलं, "हा सेंद्रिय आहे, जरा वेगळा लावा." तो चांगला माणूस होता, हसला पण टिंगलीनं नाही. म्हणाला, "शेठ, वेगळा लावतो. बोली कोण वेगळी करणार?" आणि खरंच होतं ते. दिल्लीला जाणाऱ्या गाडीचा व्यापारी रंग बघतो, टणकपणा बघतो, चार दिवस टिकेल का बघतो. माझा टोमॅटो आकारानं थोडा लहान. वीस किलोच्या क्रेटला भावाला ज्या दिवशी सव्वाशे मिळाले त्या दिवशी मला एकशे वीस. पट्टीवर 'सेंद्रिय' लिहायला रकानाच नाही. आडत, हमाली, तोलाई यांचे रकाने आहेत.

हंगाम संपल्यावर वही घेऊन बसलो. सरासरी एकशे वीस धरली तर भावाचे सहासष्ट हजार झाले, माझे पंचेचाळीस हजार सहाशे. त्याचा खत-औषधाचा खर्च चोवीस हजार, माझा तेरा. म्हणजे खर्चात मी अकरा हजार वाचवले, पण उत्पन्नात वीस हजार चारशेनं मागं पडलो. घाटा नऊ हजार चारशेचा. तो तीनशे ऐंशी क्रेटवर वाटला तर क्रेटला पंचवीस रुपयेही होत नाहीत. किलोला सव्वा रुपया.

मी दोनदा मोजलं. नुसता सव्वा रुपया! पुण्यातला माणूस 'ऑरगॅनिक' पाटी बघून किलोला वीस-वीस रुपये जादा देतो, आणि मला भावाच्या बरोबरीला यायला सव्वा रुपया पुरणार होता. पण तो त्याच्या खिशातून निघून माझ्या वहीपर्यंत यायला वाटच नव्हती.

बायको मागं उभी होती. म्हणाली, "अर्क ढवळायला, तण काढायला मी राबले, ते रोज धरले का?" नव्हते धरले. धरले तर हिशेब दीड रुपयाच्या वर गेला.

यातल्या खताच्या आकड्यावर जरा थांबतो, कारण शहरातले मित्र नेहमी विचारतात, की तुम्ही रासायनिक विकत घेत नाही म्हणजे तुमचा माल स्वस्त पडायला पाहिजे. युरियाची पंचेचाळीस किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते. तिच्यात शेकडा ४६ नत्र, म्हणजे वीस किलोच्या वर. नत्राचा किलो पडला तेरा रुपयांना. हा खरा भाव नाही, सरकार मोठं अनुदान कारखान्याला देतं म्हणून तो तेवढा आहे. आता शेणखत. आमच्याकडं ट्रॉली साडेचार हजारांच्या आसपास गेलीय. तीन टन माल धरा. चांगल्या कुजलेल्या शेणखतात नत्र शेकड्याला अर्धा, म्हणजे ट्रॉलीत पंधरा किलो. किलो पडला तीनशे रुपयांना, वर पसरायची मजुरी, आणि त्यातलं पहिल्या वर्षी पिकाला लागू होतं ते तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. शेणखतात बाकीही पुष्कळ असतं, स्फुरद, पालाश, माती भुसभुशीत ठेवणारा कर्ब, त्याची किंमत या आकड्यात नाही. पण ती किंमत मातीत दहा वर्षांनी दिसते आणि सोसायटीचा हप्ता मार्चमध्ये भरायचा असतो. माझ्या वडलांच्या दोन पायल्या बाजरीशी स्पर्धा करायला तेव्हा २६६ रुपयांची गोणी नव्हती, हा सगळा फरक आहे.

आमच्याच भागातल्या द्राक्षवाल्यांना मालाच्या शुद्धतेचे पैसे मिळतात, मग टोमॅटोला का नाही? हा प्रश्न मी बरीच वर्षं डोक्यात घेऊन फिरलो. द्राक्षाचं असं झालं की परीक्षा घेणारा गिऱ्हाईक भेटला. युरोपात २००३ साली आपल्या द्राक्षांत औषधांचे अंश सापडल्यावर बोंब झाली. मग अपेडानं ग्रेपनेट सुरू केलं. बागेची नोंदणी, फवारणीची वही, प्रयोगशाळेचा दाखला. तरी २०१० साली सीसीसीचे अंश निघाले आणि युरोपच्या बंदरांत कंटेनर अडकले. आमच्या ओळखीतली माणसं त्या वर्षी होत्याची नव्हती झाली. पण त्यातून एक पक्कं झालं, की पेटीवरच्या नंबरावरून बाग सापडते. टोमॅटोच्या क्रेटवरून काहीच सापडत नाही. चार शेतकऱ्यांचा माल एका गाडीत पडला की तो फक्त 'नारायणगावचा माल' होतो. द्राक्षं सेंद्रिय नसतात, अंशमुक्त असतात, आणि तरी कागदामुळं त्यांना भाव मिळतो. माझा माल सेंद्रिय होता, कागद नव्हता.

मग कागद करायचं ठरवलं. निर्यातीसाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २००१ पासूनचा, तो खर्चिक. दुसरी पद्धत पीजीएसची, निदान पाच शेतकऱ्यांचा गट करून एकमेकांची शेतं तपासायची. २०१५ साली परंपरागत कृषी विकास योजना आली, पन्नास एकरांचा गट, एकरी वीस हजार तीन वर्षांत. आम्ही जमलो. पहिल्या बैठकीला सगळे, तिसऱ्या वर्षी निम्मे. त्यात लबाडी कमी आणि अडचण जास्त होती. हंगामी पिकाला दोन वर्षं, फळबागेला तीन वर्षं 'रूपांतराचा काळ' असतो. तेवढ्या काळात उत्पन्न घटतं आणि शिक्का तर लागत नाही. ज्याच्या घरात नोकरीचा पगार येतो तोच ही दोन वर्षं काढू शकतो. आमच्या गटात शेवटपर्यंत टिकलेल्यांत दोन शिक्षक होते, एक एसटीतला कंडक्टर, आणि मी, ज्याची बायको अंगणवाडीत होती.

२०१६ च्या जुलैत भाजीपाला-फळं बाजार समितीच्या नियमनातून मोकळी झाली आणि पुण्यात शेतकरी आठवडे बाजारांचं पेव फुटलं. रविवारी पहाटे तीनला टेम्पो काढायचा, पंच्याहत्तर किलोमीटर, सातला गाळा मांडायचा. भाव खरंच मिळाला. पण बाजार आठवड्याला एकदा आणि टोमॅटो रोज पिकतो. रविवारचे पंधरा क्रेट चांगल्या भावानं, सोमवार ते शनिवारचे शंभर क्रेट पुन्हा त्याच आडतीवर. तेव्हा कळलं, या वाटेनं न्यायला टिकणारा माल पाहिजे. धान्य पाहिजे.

आणि टिकणारं, खरोखर बिनखताचं धान्य कुठं होतं? आमच्या पश्चिमेला, डोंगरात.

वडलांचे एक मैतर आहुप्याच्या अंगाला राहायचे, महादेव कोळी. आम्ही त्यांना बाबा म्हणायचो. दरसाल ते डोक्यावर नाचणी आणि रायभोग तांदूळ घेऊन यायचे आणि कांदा, मिरची, गूळ घेऊन जायचे. वहीत त्यांचं पान होतं, पण त्यात भाव नाही, नुसत्या वस्तू. त्या पट्ट्यात भाताच्या रोपाला राब भाजतात, उतारावर नाचणी-वरई करतात, एक जागा दोन-तीन वर्षं पिकवून मोकळी सोडतात. भाताला आता तिथंही युरिया गेलाय, खोटं कशाला बोलू, पण उतारावरच्या नाचणी-वरईला आजही कुणी काही टाकत नाही. ज्याला शहरात 'ऑरगॅनिक' म्हणून दुप्पट पैसे पडतात ते हे लोक पिढ्यान्‌पिढ्या पिकवत आलेत, आणि सगळ्यात कमी भाव त्यांनाच मिळत आलाय. सावकाराचं माप घ्यायचं मोठं आणि द्यायचं छोटं. त्यावरूनच आंबेगावातल्या जांभोरीचा होन्या केंगले उठला, १८७६ साली पकडला जाईपर्यंत त्यानं सावकारांना सळो की पळो केलं. बाबा त्याच्या गोष्टी सांगायचे तेव्हा आवाज बारीक करायचे, जणू सावकार ओसरीवर बसलाय.

पुढं १९७२ मध्ये आदिवासी विकास महामंडळ झालं, हिरड्याची सरकारी खरेदी सुरू झाली. हिरडा हे त्यांचं खरं नगदी पीक. चैत्र-वैशाखात कोवळा बाळहिरडा झोडायचा, वाळवायचा, औषधवाल्यांना जातो. झाडाला खत नाही, पाणी नाही, फवारा नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळात जुनी जुनी झाडं मोडून पडली आणि भरपाईसाठी लोकांना वर्षानुवर्षं मोर्चे काढावे लागले.

तर मी बाबांच्या मुलाकडून नाचणी घ्यायला लागलो. बाबा तोवर गेले होते. स्वच्छ करून, एक किलोच्या पिशव्या भरून, वर छापलं: 'आंबेगावच्या डोंगरातली सेंद्रिय नाचणी'. २०२३ हे भरडधान्याचं आंतरराष्ट्रीय वर्ष, गाळ्यावर नाचणी थांबेना. ऐंशी रुपये किलो. त्याच्याकडून मी चौतीसनं घ्यायचो, रोख, त्याच्या दारातून उचलून. व्यापारी त्याहून कमी देत होते, म्हणून मला आपण धर्मच करतोय असं वाटायचं. त्या वर्षी नाचणीचा हमीभाव ३,८४६ रुपये क्विंटल होता, किलोला साडेअडतीस. तो मला ठाऊक होता. वरईला तर हमीभावच नाही.

त्याच जुलैत टोमॅटोनं आभाळ गाठलं. नारायणगावला क्रेटला दोन हजारांच्या वर बोली गेली, केंद्र सरकारनं महाराष्ट्रातून टोमॅटो उचलून दिल्लीत नव्वद रुपयांनी विकला, आणि सप्टेंबरात तोच टोमॅटो लोकांनी रस्त्याला ओतला. त्या जुलैत एकाही गिऱ्हाइकानं मला टोमॅटो सेंद्रिय आहे का, असं विचारलं नाही. आहे ना, एवढंच विचारलं.

ऑगस्टात बाबांचा मुलगा दवाखान्याच्या कामानं पुण्यात आला होता, तो गाळ्यावर आला. पिशवी उचलली, पाठपोट वाचली.

"भाऊ, ही आमचीच ना?"

"तुमचीच की."

"मग नाव तुमचं कसं?"

मी त्याला खर्च सांगायला लागलो. निवडताना जाणारी घट, पिशवी, छपाई, टेम्पो, गाळ्याचं भाडं, मिळून बावीस रुपये. ऐंशीतून चौतीस आणि बावीस गेले, उरले चोवीस. तो ऐकत होता. मग म्हणाला, "नांगरट, पेरणी, राखण, मळणी, सगळ्याचे आमचे चौतीस. आणि रविवारचे तुमचे चोवीस. तुमचं चुकतंय असं नाही म्हणत मी. पण बाबा वहीत नाचणीपुढं कांदा मांडायचे, तेव्हा बरोबर यायचं काय?"

मला उत्तर सुचलं नाही. आडत्याला जो प्रश्न मी बारा वर्षं विचारत होतो, तोच याने मला विचारला होता, आणि मी आडत्यासारखाच हसलो.

त्या रात्री पुन्हा वही काढली. आता नाचणीला आम्ही पन्नास देतो, खर्च जाऊन आठ रुपये राहतात. एक रविवार सोडून तो स्वतः येतो, त्या दिवशी गाळा त्याचा, टेम्पोचं भाडं अर्धं अर्धं. पिशवीवर त्याच्या वाडीचं नाव आहे. सुरुवातीला तो गिऱ्हाइकाशी बोलायचा नाही, आता एखादी बाई सर्टिफिकेट मागायला लागली की तो तिला सरळ म्हणतो, "ताई, भाद्रपदात या, वावर दाखवतो. चालायला लागंल तेवढं." दोन कुटुंबं खरंच जाऊन आली. वरईला त्यानं भाव लावला एकशे चाळीस. मी म्हटलं, जास्त होतोय. विकली गेली.

गेल्या रविवारी त्यानं पुढच्या खेपेला बाळहिरडा आणतो म्हणून सांगितलं. मी म्हटलं, अरे भाजीच्या बाजारात हिरडा कोण घेणार? तो तागडी पुसत म्हणाला, "आणून तर बघू."